जड स्टिअरिंग

"काढ तो बॉक्स," अण्णा म्हणाले.

मी गाडीखाली उताणी पडून पुढच्या चाकांच्या सांध्यांत ग्रीस भरत होते. मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

"कुठला बॉक्स?"

"स्टिअरिंगचा. अख्खा काढून टाक. आणि महावीरला फोन कर. नंतरच्या मॉडेलचा रॅक मिळतो म्हणतात ना तिकडं? तो पाठव म्हणावं. पुढचं सस्पेन्शन बी असलं तर ते पण."

मी सरकत बाहेर आले आणि तशीच जमिनीवर बसून त्यांच्याकडे बघत राहिले. पांढरा झब्बा घालून ते गाडीच्या मडगार्डला टेकून उभे होते. मस्करी करत असतील असं वाटलं, पण चेहरा मस्करीचा नव्हता.

ही गाडी म्हणजे अठ्ठावन्न सालची ट्रायम्फ, दोन सीटची, बिनटपाची, लांब नाकाची, गडद हिरवी. लग्नाच्या आधी अण्णांनी ती बेळगावच्या एका विलायतेहून परतलेल्या डॉक्टरांकडून घेतली होती. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं घर आणि मशीनशॉप, आणि शॉपच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ही गाडी. अण्णांनी तरुणपणी तिच्यावर पन्हाळ्याच्या चढाच्या शर्यती मारल्या होत्या. भूपाल चौगुले म्हटलं की जुने लोक आधी गाडीचं नाव काढायचे आणि मग आमच्या कारखान्याचं.

आणि त्या गाडीतलं काहीही बदलायला त्यांची सक्त मनाई होती. इंजिनिअर होऊन मी शॉपमध्ये आले त्या वर्षी मी हौसेनं तिच्या एका सैल होणाऱ्या नटाच्या जागी नव्या तऱ्हेचा नट बसवला होता. अण्णांनी तो माझ्याचकडून काढून घेतला. "जशी आली तशी राहील," म्हणाले. "तुला सुधारणा करायच्या तर लेथवर कर." स्टिअरिंग बदलू या, असं तर मी किती वेळा सुचवलं होतं. जुना बॉक्स म्हणजे पेटीतल्या दात्यांवरून, तिथून दांड्यादांड्यांनी चाकापर्यंत ताकद पोचवायची. हळू वेगाला खांदे भरून यायचे. नंतरच्या मॉडेलला कंपनीनंच तो प्रकार बंद करून रॅक दिला होता. एक आडवी दातेरी दांडी, ती सरकली की चाकं वळली. सरळ काम. पण अण्णा ऐकतच नसत.

"अण्णा, खरंच म्हणताय?"

"खरंच. जड लागतंय गं हल्ली. वळणावर मजा येत नाही. म्हातारी झाली ती."

मी इतकी खूश झाले की तसल्या ग्रीसच्या हातांनीच उठून फोन लावायला गेले. महावीर, माझा भाऊ, इंग्लंडात नोकरीला होता. तोही चकित झाला. "अण्णा म्हणाले? आपलेच अण्णा?" असं त्यानं दोनदा विचारलं. त्यानं तिकडच्या जुन्या गाड्यांच्या मंडळींकडून पार्ट मिळवले आणि लाकडी खोक्यात भरून पाठवून दिले.

मधल्या काळात मी जुना बॉक्स उतरवला. अण्णा शेजारी स्टूल टाकून बसायचे आणि पाने हातात द्यायचे. एकदा पाना त्यांच्या हातून सुटून माझ्या खांद्यावर पडला. "हाताला ग्रीस आहे," म्हणाले. पुढे पाने देणं त्यांनी बंद केलं, नुसते बसून सांगायचे. मला त्यात काही वाटलं नाही. बाप लेकीला काम करू देतोय, हेच मला मोठं वाटत होतं. सूर्यास्ताच्या आत जेवायचा आमच्याकडे नेम, त्यामुळे आई रोज उजेड असतानाच शेडच्या दारात येऊन उभी राहायची. "झालं का तुमचं?" ती अण्णांना विचारायची. ते म्हणायचे, "अजून नाही. अजून पार्ट बसायचेत." आई तशीच निघून जायची. ती या गाडीवर कधीच खूश नव्हती, त्यामुळे तेही मला नेहमीचंच वाटलं.

रॅक आला. तो बसवणं खोक्यातून काढण्याइतकं सोपं नव्हतं. चासीवर त्याला जागाच नव्हती. मी दोन ब्रॅकेट बनवले, वेल्डिंग करून बसवले. स्टिअरिंगचा लांब दांडा कापून मध्ये सांधा घातला. पहिल्यांदा ब्रॅकेट जरा उंच झाले, आणि जॅकनं चाकं वरखाली केली की ती आपोआप डावीकडे वळायला लागली. परत कापले, परत बसवले. शेवटी गाडी लोखंडी घोड्यांवर उचललेली असताना अण्णांनी स्टिअरिंगला हात लावला. चाकं हवेत होती, स्टिअरिंगचं चक्र गरगर फिरलं.

"झकास," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच गाडी घेऊन गेले आणि लवकर परत आले.

"कशी आहे?"

"जड आहे."

"जड? रॅक असून?"

"जड आहे म्हणतोय ना. बघ कुठं अडतंय ते."

मी सगळं सोडून बघितलं. रॅक उतरवून त्यातलं ग्रीस बदललं, दाते घासत नाहीत ना ते तपासलं. काही सापडलं नाही. मग पुढच्या सस्पेन्शनचे नंतरच्या मॉडेलचे पार्ट बसवले. चाकाचा उभा आधार त्यात वेगळ्या कोनात येतो, त्यानं स्टिअरिंग आणखी हलकं व्हायला पाहिजे. नवे बॉल जॉइंट घातले, नवे शॉकअप घातले. अण्णा पुन्हा फेरी मारून आले.

"जड."

त्यांनी ते असं सांगितलं, की जणू मीच काहीतरी लपवतेय. मी चिडले. "अण्णा, आता यात बदलायला काही उरलं नाही."

"टायर बघ. हवा बघ. चक्र मोठं घाल. काहीतरी असेलच की गं!" त्यांचा आवाज चढला. आयुष्यात ते माझ्यावर ओरडले नव्हते. मग एकदम खाली बसले, आणि हळू म्हणाले, "बघ बाई. आणखी एकदा बघ."

कोणीही विचारेल, तू स्वतः चालवून का नाही बघितलीस? पण ती गाडी चालवायचा हक्क घरात एकट्या अण्णांचा होता. मी नाही, महावीर नाही, कोणीच कधी तिच्या स्टिअरिंगमागं बसून रस्त्यावर गेलं नव्हतं. मी शेडमध्ये ढकलताना चक्र फिरवून बघायची, पण उभ्या गाडीचं स्टिअरिंग कुठल्याही गाडीचं जडच लागतं. त्यावरून काही कळत नाही.

मी टायर बदलले. अलाइनमेंट पुन्हा केलं. मोठं चक्र मिळवून बसवलं. आणि या वेळी म्हणाले, "मी पण येते बरोबर. तुम्ही चालवा, मी बघते कुठं अडतंय."

त्यांनी नव्या चक्रावर एकदा हात ठेवून बघितला. मग म्हणाले, "चल."

सकाळी आम्ही पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना उसाचे फड, गुऱ्हाळांचा धूर जमिनीलगत पसरलेला. सरळ रस्त्यावर गाडी छान पळत होती. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. ते चक्र बोटांनी धरत नव्हते. मनगटं वरून टाकून, कोपरांच्या वजनानं ओढत होते. असं चालवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. नव्या मोठ्या चक्राची सवय नसेल, असं मी मनाशी म्हटलं.

वाघबीळच्या पुढं चढ लागला. पहिलं वळण त्यांनी कसंबसं काढलं. दुसऱ्या वळणावर समोरून दुधाचा टेम्पो उतरत होता. अण्णांनी गाडी आत घ्यायला हात टाकले, गाडी अर्धी वळली आणि मग वळेचना. आम्ही सरळ टेम्पोच्या बाजूला निघालो. "अण्णा!" मी ओरडले आणि चक्राला हात घातला. टेम्पोवाल्यानं हॉर्न दाबत टेम्पो कड्याला घासून काढला. अण्णांनी ब्रेक दाबला. गाडी कठड्याशी येऊन बंद पडली.

टेम्पोवाला खाली थांबून शिव्या देत होता, मग निघून गेला.

"बघितलंस?" अण्णा म्हणाले. ते धापा टाकत होते. "बघितलंस किती जड आहे ते?"

"तुम्ही इकडं या. मला बघू दे."

ते हलले नाहीत. मी उतरून त्यांच्या बाजूला गेले आणि दार उघडलं. तेव्हा ते उतरले आणि गाडीला वळसा घालून माझ्या जागेवर येऊन बसले. मी पहिल्यांदाच त्या स्टिअरिंगमागं बसले. इंजिन सुरू केलं, गाडी रस्त्यावर घेतली आणि पुढचं वळण आलं.

ते वळण मला अजून आठवतं. मी सगळी ताकद लावायच्या तयारीनं खांदे घट्ट केले होते. चक्र नुसतं धरलं आणि गाडी वळली. पुढच्या वळणावर मी एक हात सोडला. त्याच्या पुढच्या वळणावर दोन बोटांनी वळवली. इतके दिवस राबून केलेलं काम माझ्या हातात अचूक चालत होतं. मी आनंदानं मोठ्यानं हसले.

"अण्णा, अहो लोण्यासारखं फिरतंय! बघा तरी, दोन बोटांनी!"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्या बोटांकडे बघत होते.

"खरंच हलकी आहे?"

"एकदम हलकी."

"खोटं नको सांगू. परत एकदा वळव."

मी वर जाऊन गाडी फिरवली आणि सगळी वळणं उतरून दाखवली. प्रत्येक वळणावर ते बघत होते. पायथ्याशी आल्यावर म्हणाले, "चांगलं केलंस काम. अगदी चांगलं केलंस." मग म्हणाले, "चल घरी."

वाटेत मी बोलत होते, रॅकबद्दल, कोनाबद्दल, त्यांना एवढ्यात सवय होईल याबद्दल. हळूहळू माझं मलाच ऐकू येईनासं झालं. त्यांचे हात मांडीवर उलटे पडले होते. अंगठ्याच्या मागचा मांसल भाग आत गेलेला होता, खळगा पडला होता. झब्ब्याच्या वर सरकलेल्या बाहीतून दिसणाऱ्या दंडाची कातडी आतून कुणीतरी टिचक्या माराव्यात तशी उडत होती.

घरी आई पडवीत तांदूळ निवडत होती. अण्णा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"अगं," ते म्हणाले, "गाडी हलकी आहे."

आईच्या हातातलं सूप खाली आलं. तांदूळ फरशीवर सांडले. तिनं भिंतीला डोकं टेकलं आणि तोंडावर पदर घेतला. अण्णा तसेच उभे राहिले.

"जाऊ उद्या मिरजेला," ते म्हणाले. "मी कबूल केलंय ना. जाऊ."

मी दोघांकडे बघत होते. "काय झालं? आई, काय झालं?"

अण्णा आत गेल्यावर तिनं सांगितलं. आधीच्या उन्हाळ्यापासून त्यांना शर्टाची बटणं लावता येत नव्हती, ती लावून द्यायची. म्हणून त्यांनी झब्बे शिवून घेतले. मग घास हातातून सुटायला लागला. ताटात भात कालवून द्यायचं कामही ती करायला लागली. डॉक्टरकडे चला म्हणून ती मागं लागली, पाया पडली. ते म्हणायचे, मला काही झालेलं नाही, गाडीच्या स्टिअरिंगनं खांदे गेलेत. शेवटी तिनं अन्न सोडलं तेव्हा त्यांनी तिला शब्द दिला. गाडी सगळी नीट करून बघतो. जे जे बदलता येतं ते सगळं बदलतो. तरीही जड लागली, तर तू म्हणशील तिथं येतो.

"तू एकेक पार्ट घालायचीस," आई म्हणाली, "आणि मी बसदीत देवापुढं जाऊन मागायची, की दोष गाडीतच निघू दे."

मिरजेच्या डॉक्टरांनी दोन दिवस तपासण्या केल्या. दंडात सुया घालून कसलेसे आवाज ऐकले. मग आम्हाला समोर बसवून शांतपणे सांगितलं. मेंदूकडून स्नायूंना हुकूम नेणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत. हात झाले, पाय जातील, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. बुद्धीला काही होणार नाही. सगळं कळत राहील.

"यावर काय करायचं?" अण्णांनी विचारलं.

"त्रास कमी करता येईल."

"तसं नाही. काही बदलून मिळत नाही का?"

डॉक्टरांनी मान हलवली. अण्णा उठले, नमस्कारासाठी हात जोडायला गेले आणि ते छातीपर्यंत आलेच नाहीत.

महावीर येऊन राहून गेला. त्यानं तिकडं कोणाकोणाला विचारलं, सगळीकडून तेच उत्तर आलं. आईनं काढे केले, सांगलीच्या वैद्यांकडून तेल आणलं, उपास धरले. उन्हाळ्यापर्यंत अण्णांचे हात दोन्ही बाजूंना नुसते लोंबायला लागले. ते तरीही शॉपमध्ये येऊन बसायचे. एक दिवस मला जवळ बोलावून म्हणाले,

"जुना बॉक्स कुठं ठेवलायस?"

"आहे वरच्या फळीवर. का?"

"तो बसव परत. सगळं जुनं बसव."

"अण्णा, कशाला? आता कुठं..."

"गाडी जड होती तोवर मी बरा होतो," ते म्हणाले. "बसव."

आईला कळलं तेव्हा ती संतापली. बापाला उचलून उठवायला माणूस नाही आणि ही गाडीखाली. महावीरही फोनवर म्हणाला, "नाद सोड. दोन दिवसांनी ते स्वतःच नको म्हणतील." मी दुपारी अण्णांना भरवायची, आणि मग शेडमध्ये जाऊन माझे ब्रॅकेट चासीवरून कापून काढायची. ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून बघायचे. मान पडू नये म्हणून आईनं खुर्चीच्या पाठीला उशी बांधली होती. त्यांचं बोलणं जाड होत चाललं होतं, मग नुसते स्वर राहिले. व्यंजनं गेली. ते एकट्या आईला कळायचं. मी त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि आई सांगायची, "पाणी म्हणतायत," "पंखा कमी कर म्हणतायत." कुठून तिला समजायचं कोण जाणे.

अण्णा गेले त्याच्या आधीच्या महिन्यात गाडी पूर्ण झाली. एका रविवारी, उन्हं उतरल्यावर, मी आणि आईनं त्यांना उचलून शेजारच्या सीटवर बसवलं. ते इतके हलके झाले होते की आईनं एकटीनंही बसवलं असतं. छातीवरून तिच्या जुन्या साडीची पट्टी घेऊन सीटला बांधली. आईला यायचं होतं. पण गाडी दोन सीटची. ती फाटकात उभी राहिली.

मी कात्यायनी देवीच्या टेकडीच्या रस्त्याला गाडी घेतली. जुन्या बॉक्सनं माझे खांदे पहिल्याच वळणाला भरून आले. रस्ता मोकळा होता, डावीकडे डोंगर, उजवीकडे माळ. वाऱ्यानं अण्णांचे केस उडत होते. मी वळण ओढून काढताना ते माझ्या हातांकडे नाही, रस्त्याकडे बघत होते.

टेकडीच्या अलीकडे ते काहीतरी बोलले.

"काय, अण्णा?"

ते परत बोलले. इंजिनच्या आवाजात मला ऐकू येईना. मी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं आणि त्यांच्याकडे पूर्ण वळले.

"सांगा. आता सांगा."

ते बोलले. लांबलचक वाक्य होतं. त्यात एकदा 'तू' असावं, किंवा 'तो' असावा. बाकीचे नुसते सूर, उंच, खाली, मग उंच. विचारल्यासारखं शेवटी वर गेलं.

"पाणी हवंय?"

त्यांनी डोळे मिटून नाही म्हटलं.

"मान दुखतेय? पट्टी काचतेय?"

नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक स्वर वेगळा करून, लहान मुलाला शिकवावं तसं. घाम फुटला त्यांच्या कपाळावर. मी कान त्यांच्या ओठांना लावला. त्यांचा श्वास कानात गरम लागत होता. मला एक शब्द कळला नाही.

"अण्णा, मला कळत नाही हो," मी म्हणाले. मला रडू फुटलं. "मला नाही कळत."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग डोळे रस्त्याकडे वळवले.

"घरी जायचं का?" मी विचारलं.

त्यांनी डोळे मिटून हो म्हटलं. ते त्यांनी विचारलेलं नव्हतं, एवढं मला नक्की ठाऊक होतं.

आई फाटकातच उभी होती. गाडी थांबायच्या आत मी ओरडले, "आई, ये लवकर. ते काहीतरी सांगत होते, मला कळलं नाही. विचार त्यांना. आत्ता विचार."

आई त्यांच्या बाजूला आली, वाकली, त्यांच्या तोंडाशी कान नेला. मी दुसऱ्या बाजूनं श्वास रोखून बसले होते. त्यांचे ओठ हलले. थोडंसंच.

आईनं मान वर केली. साडीच्या पट्टीची गाठ सोडायला लागली.

"काय म्हणाले?"

"विसरलो म्हणतायत," ती म्हणाली.